सुवर्णमध्य: होरेसच्या ओळीतला मूळ अर्थ आणि रोमन लोकांचं 'पुरे'

ओवरी (धागा सुरू करणारी)

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सभेत गच्चीवरच्या टाकीवरून दोन तट पडले. दीड तास आवाज चढत गेल्यावर सेक्रेटरी म्हणाले, "चला, काहीतरी सुवर्णमध्य काढू." निघाला, चहा झाला, सगळे घरी गेले. मला मात्र त्या शब्दाने रात्री झोपू दिलं नाही. हा शब्द ज्या कवितेतून जगभर गेला ती मी कित्येक वर्षं पुन्हा पुन्हा वाचतेय, आणि दोन भांडणाऱ्यांच्या मधली जागा तिच्यात कुठेच नाही.

होरेस या रोमन कवीने (क्विंटस होरेशियस फ्लाकस, इ.स.पू. ६५ ते ८) लिसिनियस नावाच्या माणसाला उद्देशून एक छोटं गीत लिहिलं. 'ओड्स' या त्याच्या गीतसंग्रहाच्या दुसऱ्या भागातलं दहावं. त्यात 'ऑरिया मेडिओक्रिटास' असे दोन शब्द येतात: सोन्यासारखं मधलेपण. इंग्रजीत त्याचं 'गोल्डन मीन' झालं आणि तिथून आपल्याकडे 'सुवर्णमध्य'. आपण तो तडजोडीसाठी वापरतो. होरेसने तो एकेकट्या माणसाच्या जगण्याबद्दल वापरलाय.

कविता सुरू होते समुद्रावर. लिसिनियस, सारखी खोल पाण्याकडेच नाव दामटू नकोस, आणि वादळाच्या धसक्याने दगाबाज किनाऱ्याला फार चिकटूनही जाऊ नकोस. संयम म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर फक्त पहिला अर्धा भाग येतो: पुढे जाऊ नको, हाव धरू नको. पण ज्याने कधी होडी पाहिलीय त्याला ठाऊक असतं की खडक किनाऱ्यालगतच असतात. भीतीने आखडून जगणं होरेसला तितकंच धोक्याचं वाटतं. मग तो म्हणतो, हे सोनेरी मधलेपण ज्याला प्रिय आहे त्याला पडक्या छपराची कळकट नको आणि लोकांनी जळावं असा वाडाही नको. उंच पाइनलाच वारा जास्त झोडपतो, उंच बुरूज पडतात तेव्हा जास्त जोराने पडतात, वीज पडते ती शिखरांवर.

आणि शेवट! वारा उलटा फिरला की धीर धर, हे कुणीही सांगेल. होरेस शेवटच्या ओळींत सांगतो की वारा फारच अनुकूल झाला, शीड फुगलं, तर तेव्हा शहाणपणाने ते आवर. नुकसानीत सावध होणं सोपं आहे हो. पगार वाढलाय, नाव झालंय, चार लोक वाहवा करतायत, त्या दिवशी शीड कोण आवरतं?

हा लिसिनियस म्हणजे बहुधा मुरेना, असं बरेच अभ्यासक मानतात. ऑगस्टस सम्राटाचा सल्लागार आणि कवींचा आश्रयदाता मायसीनस, त्याच्या बायकोचा भाऊ, सम्राटाच्या आतल्या गोटातला. हे गीत इ.स.पू. २३ मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्याच सुमारास ऑगस्टसविरुद्धच्या कटात सामील असल्याच्या आरोपावरून हा मुरेना मारला गेला. हे माहीत झाल्यावर त्या उंच पाइनच्या ओळी मला पूर्वीसारख्या वाचता येत नाहीत.

होरेसला दोन्ही टोकं ठाऊक होती. बाप मूळचा गुलाम, नंतर मुक्त झालेला, लिलावात पैसे गोळा करण्याचं काम करणारा. थोडीशी जमीन. तरी त्याने पोराला गावच्या शाळेत न घालता थेट रोमला नेलं आणि स्वतः एकेका मास्तरांकडे सोबत गेला. पोरगा अथेन्सला शिकायला गेला, तिथून ज्युलियस सीझरला मारणाऱ्या ब्रूटसच्या सैन्यात. इ.स.पू. ४२ मध्ये फिलिप्पीच्या लढाईत हरलेल्या बाजूला होता, वय बावीस. माफी मिळाली, परत आला तर बापाची जमीन गेलेली. सरकारी खजिन्यात कारकुनी धरली, कविता लिहिल्या. कवी व्हर्जिलने त्याची मायसीनसशी ओळख करून दिली, आणि पुढे मायसीनसकडून साबाइन डोंगरातलं एक छोटं शेत मिळालं.

एक शब्द अजून. याच कवीची दुसरी ओळ आहे, 'एस्त मोदुस इन रेबुस': गोष्टींना एक माप असतं. हा 'मोदुस' आणि रोमन लोकांचं धान्याचं माप 'मोदियुस' एकाच घरातले शब्द. मोदियुस म्हणजे साधारण पावणेनऊ लिटरचं मापटं. रोमजवळच्या ओस्तिया बंदरात धान्य मोजणाऱ्यांच्या संघाची एक इमारत उकरून काढलीय, तिथल्या जमिनीवरच्या मोझेकमध्ये मापारी हातात सपाट काठी घेऊन उभा आहे. माप भरलं की वरून काठी फिरवायची, शीग खाली पडते, उरतं ते नेमकं माप. माझी आजी पायली भरताना तळहाताने नेमकं हेच करायची. मला संयम हा शब्द कधी जवळचा वाटला नाही, त्यात दात-ओठ आवळल्यासारखं वाटतं. माप हा शब्द जवळचा वाटतो.

तुमचं काय मत? रोमन लोकांचं अजून काही वाचलं असेल तर जरूर लिहा.

लिंबोणी

सुंदर लिहिलंयस. शिडाच्या ओळी पहिल्यांदाच कळल्या. आजपर्यंत होरेस म्हटलं की फक्त 'कार्पे दिएम'.

ओवरी

@लिंबोणी, त्या 'कार्पे'चंही तसंच झालंय. 'दिवस झडप घालून पकड' असा लोक अर्थ घेतात. 'कार्पेरे' म्हणजे खुडणं, पिकलेलं फळ किंवा फूल देठापासून हलकेच तोडणं. 'ओड्स'च्या पहिल्या भागात, अकराव्या गीतात तो ल्युकोनोए नावाच्या बाईला सांगतो की ज्योतिष बघत बसू नकोस, वाइन गाळून घे, लांबलचक आशा छाटून टाक आणि आजचा दिवस खुड. छाटणं, खुडणं, गाळणं, सगळी द्राक्षमळ्यातली कामं आहेत.

टिपणवही

मध्याची कल्पना मुळात ॲरिस्टॉटलची ना? धैर्य म्हणजे भ्याडपणा आणि बेदरकारी यांच्या मधलं. मग रोमन लोकांचं यात नवं काय?

ओवरी

हो, कल्पना ग्रीकच. होरेस एका पत्रात सरळ म्हणतो की सद्गुण म्हणजे दोन दुर्गुणांच्या मधली, दोन्हींपासून दूर असलेली जागा. सिसेरो या वक्त्या-विचारवंतानेही इ.स.पू. ४४ मध्ये अथेन्सला शिकणाऱ्या आपल्या मुलासाठी 'दे ऑफिशीस' (कर्तव्यांविषयी) लिहिलं त्यात ग्रीकांचं ऋण मानलंय. रोमन लोकांनी ही कल्पना तत्त्वज्ञाच्या वर्गातून काढून जेवणाच्या ताटावर, घराच्या बांधकामावर, नोकराशी बोलण्यावर आणली. सिसेरो त्या ग्रंथात घर केवढं असावं यावरही लिहितो: घराने मालकाला शोभा येऊ नये, मालकाने घराला यावी. मला तरी हे आणणंच मोठं वाटतं.

जुनापार

धागा आवडला, पण एक गोष्ट खुपते आणि ती मोकळेपणाने लिहितो. हे सगळं भरल्या पोटाचं शहाणपण आहे. होरेसचं 'छोटं' शेत म्हणजे काय होतं? तो स्वतःच एके ठिकाणी आपल्या गुलामाला धमकावतो की तोंड आवर, नाहीतर साबाइन शेतावर नववा मजूर म्हणून पाठवीन. म्हणजे आठ गुलाम आधीच राबत होते. शिवाय त्या जमिनीवर पाच कुळं. सेनेका या तत्त्वज्ञाचं तर विचारूच नका. नीरोच्या दरबारात चार वर्षांत ३० कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) जमवले असा आरोप त्याच्यावर तो जिवंत असतानाच झाला, टॅसिटस या इतिहासकाराने नोंदवलाय. आणि हा माणूस लिहितो की ज्याच्याकडे थोडं आहे तो गरीब नव्हे, ज्याला अजून हवं आहे तो गरीब. ३० कोटींवर बसून हे लिहिणं सोपं आहे.

माझे वडील गिरणीत बदली कामगार होते. त्यांना कुणी येऊन 'माप ओळखा' म्हटलं असतं तर मला राग आला असता.

ओवरी

जुनापार, तुमचा राग मला रास्त वाटतो आणि त्यातली एकही गोष्ट खोटी नाही. गुलामांचे हात वजा केले तर या माणसांची फुरसतच उरत नाही. होरेसचा बाप गुलाम होता, तरी होरेसने गुलाम ठेवले, हे मला आजही पचत नाही.

सेनेकाबद्दल मात्र थोडं लिहायचंय. त्याच्या ल्युसिलियस या मित्राला लिहिलेल्या १२४ पत्रांपैकी ८७वं काढून बघा. तो आणि त्याचा मित्र मॅक्सिमस दोन दिवस प्रवासाला निघतात. मुद्दाम साधेपणाने. एका गाडीत मावतील तेवढेच नोकर, अंगावर आहे तेवढंच सामान. गादी जमिनीवर, दोन झगे, त्यातला एक खाली अंथरायला आणि एक पांघरायला. जेवणात सुकी अंजिरं कायम. तो लिहितो, पाव असला तर अंजीर तोंडीलावणं होतं, पाव नसला तर अंजीरच पाव. खेचरं इतकी मरतुकडी की चालतायत म्हणून जिवंत म्हणायची. हाकणारा अनवाणी.

इथवर तुमचा आक्षेप पूर्ण लागू पडतो, श्रीमंताची हौस. पण पुढे तो कबूल करतो की समोरून एखादी झोकदार गाडी आली की माझा चेहरा लाल होतो. ही साधी गाडी माझी आहे असं लोकांना वाटावं, एवढंसुद्धा मला मनापासून वाटत नाही. आणि स्वतःबद्दल निष्कर्ष काढतो: साध्या गाडीची ज्याला लाज वाटते तो भारी गाडीचा मिरवणारच.

साठी उलटलेला, साम्राज्यातला एक सर्वांत श्रीमंत माणूस हे लिहून ठेवतो. मी त्याला निर्दोष म्हणत नाही. पण आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये नव्या गाडीशेजारी आमची चौदा वर्षांची गाडी लावताना मला जे होतं, ते त्याने नावानिशी सांगितलंय.

जुनापार

हे पत्र वाचलं नव्हतं. वाचतो.

सह्यकडा

जुनापार यांच्या मुद्द्यात भर. साधेपणा म्हणजे चांगुलपणा नव्हे, हे रोमन काळातच कळलेलं होतं. थोरला कॅटो (रोमन राजकारणी, इ.स.पू. २३४ ते १४९) साधेपणाचा पुतळा. मजुरांबरोबर शेतात खपायचा, त्यांच्याच पंगतीत बसून तेच खायचा, तीच वाइन प्यायचा. आणि तोच कॅटो शेतीवरच्या आपल्या पुस्तकात सल्ला देतो की म्हातारे बैल, म्हातारा गुलाम, आजारी गुलाम विकून टाका.

प्लूटार्क हा ग्रीक लेखक त्याचं चरित्र लिहिताना तिथे थांबतो आणि आपलं मत देतो. माणसाला ओझ्याच्या जनावरासारखं वापरून म्हातारपणी हाकलणं मला मान्य नाही, तो म्हणतो. माझ्यासाठी राबलेला बैलसुद्धा म्हातारा झाला म्हणून मी विकणार नाही, मग थोड्या नाण्यांसाठी म्हाताऱ्या माणसाला त्याच्या रोजच्या जागेतून कसा उपटू? कॅटोने स्पेनमध्ये लढाईत वापरलेला घोडासुद्धा तिथेच सोडला, का तर जहाजभाड्याचा खर्च सरकारवर पडू नये. प्लूटार्क म्हणतो, हा मनाचा मोठेपणा की कोतेपणा, ज्याचं त्याने ठरवावं. मला विचाराल तर कोतेपणाच. स्वतःच्या ताटात कमी वाढून घेणारा माणूस दुसऱ्याच्या ताटातही कमीच वाढत असेल, तर त्याच्या साधेपणाचं मला कौतुक नाही.

अनवट

कायद्याने माप ठरवायचा प्रयत्नही रोमनांनी करून पाहिला, त्याची गंमत ऐका. इ.स.पू. १६१ चा फान्नियस कायदा. जेवणावर किती खर्च करायचा ते ठरलेलं: मोठ्या सणांना १०० अॅस, महिन्यातल्या इतर दहा दिवसांना ३०, बाकी दिवशी १०. (अॅस हे कांस्याचं नाणं.) शिवाय पंगतीत पक्षी एकच, कोंबडी, आणि तीही खुराड्यात चारून मुद्दाम माजवलेली नको.

मग लोकांनी काय केलं? थोरला प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय. कायद्यात कोंबडी म्हटलंय ना, मग कोंबडे माजवायला घेतले, दुधात भिजवलेलं खाणं घालून.

त्याआधी इ.स.पू. २१५ मध्ये, कार्थेजच्या हॅनिबल या सेनापतीशी युद्ध चालू असताना, ओप्पियस कायदा आला. बाईने अर्ध्या औंसाहून जास्त सोनं बाळगायचं नाही, रंगीबेरंगी वस्त्र नाही, शहरात घोडागाडीतून फिरायचं नाही. युद्ध संपलं, पुरुषांनी जांभळी किनार मिरवायला सुरुवात केली, बायकांवरचा कायदा तसाच. इ.स.पू. १९५ मध्ये बायका रस्त्यावर उतरल्या, फोरमकडे, म्हणजे शहराच्या मुख्य चौकाकडे जाणाऱ्या वाटा अडवल्या आणि तो रद्द करून घेतला. विरोधात भाषण कुणाचं? सह्यकडा यांच्या कॅटोचंच.

नर्मदातीर

याच विषयावर धाकट्या प्लिनीचं एक पत्र आहे, मला सगळ्या रोमन वाङ्मयात ते सर्वांत आवडतं. (कोंबड्यांबद्दल लिहिणाऱ्या प्लिनीचा हा भाचा.) अॅव्हिटस नावाच्या तरुण मित्राला लिहिलंय. प्लिनी एकाकडे जेवायला गेला. यजमान स्वतःला मोठा टापटिपीचा आणि काटकसरी समजणारा. स्वतःपुढे आणि दोन-चार खाशा पाहुण्यांपुढे उत्तम पदार्थ, बाकीच्यांपुढे किरकोळ तुकडे. वाइनच्या लहान सुरयांत तीन प्रती: एक स्वतःसाठी आणि प्लिनीसाठी, दुसरी जरा खालच्या मित्रांसाठी, तिसरी मुक्त गुलामांसाठी.

शेजारच्या पाहुण्याने हे पाहिलं आणि विचारलं, तुम्हाला हे पटतं? प्लिनी म्हणाला, नाही. मग तुमची रीत काय? मी सगळ्यांना एकच वाढतो. जेवायला बोलावतो, पायरी दाखवायला नाही. मुक्त गुलामांनासुद्धा? हो, ताटावर बसले की ते माझे पंक्तीचे सोबती. पाहुणा म्हणाला, मग खर्च फार येत असेल. मुळीच नाही. ते कसं? कारण माझे मुक्त गुलाम मी पितो ती वाइन पीत नाहीत, ते पितात ती मी पितो.

आमच्या गावी लग्नात आधी मानाची पंगत बसायची, मग उरलेल्यांची. दुसऱ्या पंगतीला जिलेबी संपलेली असायची. माझ्या आईने माझ्या बहिणीच्या लग्नात ठरवलं की पक्वान्न एकच, साधा शिरा, पण शेवटच्या पंगतीपर्यंत पुरला पाहिजे. सोयरे कुरकुरले. आईला प्लिनी माहीत असणं शक्यच नव्हतं. ती शेवटच्या पंगतीत, वाजंत्रीवाल्यांच्या शेजारी बसून जेवली.

ओवरी

नर्मदातीर, तुमच्या आईला नमस्कार सांगा. आणि होरेसचा बाप अशाच कुठल्यातरी पंगतीत तिसऱ्या सुरईची वाइन पीत असणार, हे आत्ता तुमच्यामुळे डोक्यात आलं.

पंचगंगाकाठ

या सगळ्या चर्चेचा आपल्याशी एक थेट धागा आहे, तो सुटू नये म्हणून लिहितो. रोमन लोक ज्या चैनीच्या नावाने खडे फोडत होते तिचा मोठा भाग भारतातून जात होता. थोरला प्लिनी हिशेब देतो की भारत दरवर्षी साम्राज्यातून ५ कोटी सेस्टर्स खेचून नेतो. मिरीवर तर त्याचा विशेष राग. ना गोड, ना दिसायला छान, नुसत्या तिखटपणासाठी लोक भारतापर्यंत जातात, तिथे रानात उगवते आणि इथे सोन्याचांदीसारखी तोलून विकत घेतात! काळ्या मिरीचा भावही देतो, पौंडाला ४ दिनार.

मिरी मलबारची, पण कापड आपलं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तिकेत पैठण आणि तगर ही दोन बाजारगावं येतात. तगर म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. तिथून साधं कापड आणि मलमल बैलगाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जायची, तिथून जहाजावर. आणि आमच्या कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५च्या सुमारास खोदकाम झालं तेव्हा रोमन घडणीची समुद्रदेव पोसायडनची वीतभर कांस्यमूर्ती मिळाली. टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. शाळेत असताना मी ती पहिल्यांदा पाहिली. एक हात वर उचललेला, वजन एका पायावर टाकून निवांत उभा. समुद्रापासून इतक्या लांब, घाटमाथ्यावर हा देव कुणी विकत घेतला असेल, कशाच्या बदल्यात, हा विचार तेव्हापासून डोक्यात आहे.

आणि म्हणून प्लिनीची तक्रार वाचताना मी दोन्ही बाजूंना असतो. त्याच्या दृष्टीने तो पैसा वाया गेला. तेरच्या कोष्ट्याच्या घरी त्याच पैशाने चूल पेटली.

टिपणवही

हे फार आवडलं. एकाची चैन ही दुसऱ्याची मजुरी असते, हे प्लिनीच्या हिशेबात कुठेच धरलेलं नाही.

कंदीलवात

मी वेगळ्या कारणाने लिहितेय. सेनेकाचं १८वं पत्र वाचून मी गेल्या वर्षी एक गोष्ट करून पाहिली. डिसेंबरमध्ये सॅटर्नेलियाचा सण चालू आहे, सगळं रोम खाण्यापिण्यात बुडालंय, तेव्हा तो ल्युसिलियसला सांगतो की काही दिवस बाजूला काढ, अगदी थोडं आणि स्वस्त खा, जाडंभरडं नेस, आणि स्वतःला विचार: याचीच मला भीती वाटत होती का?

माझी नोकरी जाईल अशी चिन्हं होती आणि भीतीने माझी झोप उडाली होती. चार दिवस ठरवून भात-आमटी, बस, घरचा डबा, बाहेरचं काही मागवायचं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गॅसजवळ उभी राहून आमटी ढवळताना अचानक लक्षात आलं की मी गुणगुणतेय. नोकरी पुढे दोन महिन्यांनी गेलीच. पण तेव्हा हात थरथरले नाहीत.

जुनापार

कंदीलवात, तुम्हाला धीर मिळाला हे चांगलंच झालं. पण माझी आई १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला जायची, सुकडीवर दिवस काढायची. ती हे वाचून म्हणेल, चार दिवसांनी परत येता येतं तो उपास. आम्हाला परत कुठे जायचं होतं?

कंदीलवात

खरं आहे. आणि हे सेनेकालाही सुचलं होतं, त्याच पत्रात आहे. तो ल्युसिलियसला बजावतो की हे केलंस म्हणून काही मोठं केलंस असं समजू नकोस, हजारो गुलाम आणि हजारो गरीब रोज हेच करतात. तुझं वेगळेपण एवढंच की तुला कुणी भाग पाडलेलं नाही. तुमच्या आईंसमोर मी या चार दिवसांबद्दल बोलणार नाही. माझ्यासारख्या, जिला पडायची भीती आहे पण जी अजून पडलेली नाही, तिच्यासाठीच ते पत्र आहे.

लिंबोणी

ओवरी, 'माप' हे ज्याचं त्याचं असतं असं तुला म्हणायचंय का? मग ते ओळखायचं कसं? कारण जुनापारांच्या आईचं, कंदीलवातचं आणि सेनेकाचं माप एक असणं शक्य नाही.

ओवरी

लिंबोणी, याचं उत्तर होरेसने गोष्टीतून दिलंय. मायसीनसला लिहिलेलं सातवं पत्र. ते जरा सविस्तर सांगते.

होरेस पाच दिवसांसाठी म्हणून गावाकडे गेला आणि अख्खा ऑगस्ट तिकडेच राहिला. मायसीनसने बोलावलं असावं. ज्याने शेत दिलं, नाव दिलं, त्याला उत्तर काय द्यायचं? तो गोष्ट सांगतो.

फिलिपस हा नामांकित वकील दुपारी कामावरून घरी निघालाय, थकलेला. वाटेत एका रिकाम्या न्हाव्याच्या टपरीत एक माणूस दिसतो. नुकती दाढी केलेली, हातात छोटी सुरी, स्वतःची नखं स्वतःच निवांत साफ करतोय. फिलिपस नोकराला पाठवतो: कोण, कुठला, कुणाचा माणूस विचारून ये. नोकर सांगतो, वोल्टेयस मेना, लिलाव पुकारणारा. ऐपत बेताची, नाव स्वच्छ. घाई कधी करायची आणि रमायचं कधी, मिळवायचं कधी आणि वापरायचं कधी ते जाणतो. साधेसुधे मित्र, स्वतःचं घर, काम संपलं की खेळ बघायला मैदानात.

फिलिपस जेवायला बोलावतो. मेना चक्क नाही म्हणतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गरिबांना जुनापुराणा माल विकत असताना फिलिपस स्वतः गाठतो, आणि मेना ओशाळून येतो. मग रोजचं येणं होतं. सुट्टीत फिलिपस त्याला गाडीत घालून साबाइन गावाकडे नेतो. मेना तिथल्या हवेचं कौतुक करता थांबत नाही. फिलिपसला मजा वाटते. तो सात हजार सेस्टर्स बक्षीस देतो, अजून सात हजार उसने देऊ करतो आणि एक लहान शेत घ्यायला लावतो.

पुढे मेनाच्या तोंडी नुसते नांगर आणि द्राक्षवेल. राबून राबून वाळतो, जास्त मिळवायच्या ध्यासाने म्हातारा होतो. मेंढ्या चोरीला जातात, बकऱ्या रोगाने मरतात, पीक दगा देतं, बैल नांगराला जुंपलेलाच कोसळतो. एका मध्यरात्री तो घोडा ओढतो आणि तडक फिलिपसच्या दारात. दाढी वाढलेली, केस पिंजारलेले. फिलिपस म्हणतो, मेना, तू फार कष्ट घेतोस रे. मेना म्हणतो, मला माझं खरं नाव द्यायचं तर अभागी म्हणा. तुमच्या देवांची शपथ घालतो, मला माझ्या पहिल्या जगण्यात परत पाठवा.

यात शेत वाईट नाही. होरेसला तसंच साबाइन शेत माप होऊन बसलं, मेनाला तेच ओझं झालं. दुसऱ्या एका पत्रात तो जोड्याचं उदाहरण देतो: पायाला मोठा असेल तर अडखळवतो, लहान असेल तर चावतो. मेनाला त्याचं माप ठाऊक होतं, ते त्याच्याकडून कौतुकाने काढून घेतलं गेलं. फिलिपस दुष्टही नव्हता. मला मेनाचं ते पहिलं 'नाही' फार महत्त्वाचं वाटतं. जेवायला येत नाही, एवढंच. लिंबोणी, माप कुठे आहे हे मला तरी अशा 'नाही'तूनच कळत आलंय. जिथे ते घशात अडकलं, तिथे मी पुढे कुठेतरी मेनासारखी रात्रीची घोड्यावर बसले आहे.

आणि ही गोष्ट तो सांगतो कुणाला, तर मायसीनसलाच. त्याच पत्रात स्वच्छ लिहितो की तुमच्या देण्यामुळे मी बांधला जाणार असेन, तर सगळं परत करतो.

जुनापार

बदली कामगार असताना माझ्या वडिलांना मुकादमी देऊ केली होती. पगार दीडपट. बाकीच्यांच्या हजेऱ्या कापायचं काम होतं म्हणून त्यांनी नको म्हटलं. आई दोन दिवस बोलली नव्हती. काल ही गोष्ट वाचल्यावर आईला फोन केला आणि त्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, त्या दिवशी ते रात्री लगेच झोपले, एवढं आठवतं.

लिंबोणी

जुनापार, 🙏

ओवरी, एकच विचारायचं राहिलं. ते पत्र वाचून मायसीनस तुटला का?

ओवरी

नाही तुटला. ऑगस्टसनेही होरेसला आपला खासगी पत्रलेखक होशील का म्हणून विचारलं होतं, त्यालाही होरेसने नकार दिला, आणि सुएटोनियस हा रोमन चरित्रकार सांगतो की सम्राटाने मनात धरलं नाही. मायसीनस इ.स.पू. ८ मध्ये गेला. मरताना ऑगस्टससाठी जो निरोप ठेवला त्यात लिहिलं होतं: होरेसची आठवण माझ्यासारखीच ठेवा. त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला होरेस गेला. रोममधल्या एस्क्विलाइन टेकडीच्या टोकाला, मायसीनसच्या थडग्याशेजारी त्याला पुरलं.